‘रीइंडेक्स मारून देतो’ म्हणणाऱ्याला आधी एक प्रश्न विचारा



बिलिंग सॉफ्टवेअर घेताना काय बघायचं, या व्हिडिओत एक मुद्दा दोन मिनिटांत उरकावा लागला. तो इथे नीट लिहितो, कारण त्यात तुमचे पैसे अडकू शकतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इंडेक्स करप्ट’ असा मेसेज पुन्हा पुन्हा येत असेल, तर रीइंडेक्सचं बटण दाबून पुढे जाणं बंद करा. एकदा आला तर ठीक. तिसऱ्यांदा आला की समजा, बिघाड सॉफ्टवेअरच्या बाहेर कुठेतरी आहे आणि तो अजून तिथेच बसलाय.

इंडेक्स म्हणजे काय? जुनी खातेवही आठवा. पहिल्या पानांवर नावांची यादी असायची: पाटील, पान ४७. खरा हिशोब पान ४७ वर, यादी फक्त तिथे पटकन पोचण्यासाठी. कॉम्प्युटरमध्ये टेबल म्हणजे खातेवहीची पानं आणि इंडेक्स म्हणजे ती यादी. यादी फाटली तर पानं वाचून नवी करता येते, म्हणूनच रीइंडेक्स होतं. पण यादी न फाटता नुसती चुकली तर? पाटलांचं एक पान यादीत नसेल, तर मेसेज येणारच नाही. सॉफ्टवेअर शांतपणे सांगेल, पाटलांची तीनच बिलं आहेत. खरी असतात चार.

सांगली जिल्ह्यातले एक हार्डवेअरचे दुकानदार आमच्या कार्यशाळेला आले होते. काउंटरवर दोन कॉम्प्युटर, मागे गोडाऊनमध्ये एक लॅपटॉप. सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीचं, म्हणजे सगळा डेटा काउंटरच्या एका कॉम्प्युटरवर शेअर केलेल्या फोल्डरमध्ये आणि बाकीचे दोघं नेटवर्कवरून त्याच फायली उघडणार. दर आठ-दहा दिवसांनी इंडेक्स जुळत नसल्याचा मेसेज. टेक्निशियनला फोन, तो घरी बसूनच कॉम्प्युटर जोडून घेणार, दहा मिनिटांत रीइंडेक्स, तीनशे रुपये. “तीनशेत काम होतंय ना सर, कशाला खोलात जायचं?” असं त्यांचं म्हणणं.

मग एकदा काय झालं बघा. इंडेक्समध्ये शेवटच्या बिलाची नोंदच चढली नव्हती. सॉफ्टवेअरने इंडेक्सला विचारलं, शेवटचा नंबर कुठला? उत्तर आलं ११८२. प्रत्यक्षात ११८३ नंबरचं बिल देऊन झालं होतं, पुढच्या गिऱ्हाइकालाही ११८३ च गेलं. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे एका आर्थिक वर्षात बिल नंबर एकदाच वापरता येतो. पुढच्या रीइंडेक्सला सॉफ्टवेअर अडलं, कारण एकाच नंबरच्या दोन नोंदी. टेक्निशियनने काय करावं? एक नोंद डिलीट केली आणि रीइंडेक्स ‘यशस्वी’ झालं. डिलीट झालेलं बिल एका कॉन्ट्रॅक्टरचं होतं. ते जीएसटीआर-१ मध्ये गेलं नाही, कॉन्ट्रॅक्टरच्या २बी मध्ये क्रेडिट दिसलं नाही आणि त्याने सगळं पेमेंट रोखून धरलं.

तेव्हा त्यांना मी एकच काम सांगितलं: एक वही ठेवा. मेसेज आला की तारीख, वेळ, कोणत्या मशीनवर कोण होतं आणि त्याआधी काय घडलं ते लिहायचं. सहा नोंदी झाल्या. सहापैकी पाच वेळा गोडाऊनचा लॅपटॉप चालू होता. तो वाय-फायवर, मध्ये दोन भिंती आणि पत्र्यांची थप्पी. शिवाय पोरगा सॉफ्टवेअर बंद न करता नुसतं झाकण लावून जेवायला जायचा. बिल सेव्ह होताना टेबलच्या फाइलमध्ये एकदा आणि इंडेक्सच्या फाइलमध्ये एकदा लिहावं लागतं. मधेच रेंज गेली की पान लिहिलेलं आणि यादी अर्धवट. सहाव्या वेळी लाइट गेली होती आणि यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती, हे कुणाला माहीतच नव्हतं.

गोडाऊनपर्यंत लॅन केबल ओढली, बॅटरी बदलली आणि सॉफ्टवेअरमधून बाहेर पडल्याशिवाय झाकण लावायचं नाही अशी ताकीद दिली. चार हजारांच्या आत सगळं. (पोराला सवय लागायला मात्र महिना गेला!)

तुमच्याकडे कारण वेगळं असू शकतं. हार्डडिस्क म्हातारी झालेली असते, रॅम खराब असते. रॅम तपासायचं साधन विंडोजमध्येच येतं, डिस्कची तब्येत दाखवणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. आणि एक चूक हमखास सापडते: ‘बॅकअप होतोय’ म्हणून चालू डेटाचा फोल्डरच ऑनलाइन ड्राइव्हच्या सिंकमध्ये टाकलेला. टेबलची फाइल आत्ताची आणि इंडेक्सची पाच मिनिटांपूर्वीची, अशी खिचडी होते. डेटा बाहेरच ठेवा, दुकान बंद झाल्यावर कॉपी काढून ती ड्राइव्हवर टाका.

“आमचं सगळं सर्व्हरवर आहे, आम्हाला काय?” असं म्हणणाऱ्यांसाठीही थोडं. पोस्टग्रेसक्यूएल हा नावाजलेला डेटाबेस. अक्षरांचा क्रम लावायला तो बहुतेक वेळा लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीवर विसंबतो. २०१८ मध्ये जीलिबसी २.२८ आली आणि क्रमाचे नियम बदलले. अमेरिकन इंग्रजीच्या क्रमात आधी ‘११’ पुढे आणि ‘१-१’ मागे लागायचं, नव्या नियमात उलट. डेटाबेसला हात न लावता नुसती लिनक्स बदलली, तरी जुन्या क्रमाने बांधलेले इंडेक्स चुकीचे ठरू लागले. इथे रीइंडेक्स हाच उपाय, पण कारण कळल्यावर. आणि गंमत बघा, पोस्टग्रेसच्या १४.० ते १४.३ या आवृत्त्यांत काम चालू ठेवून इंडेक्स बांधण्याच्या सोयीतच चूक होती, त्यामुळे रीइंडेक्सनेच इंडेक्स बिघडू शकत होता. जून २०२२ च्या १४.४ मध्ये ती दुरुस्त झाली.

म्हणून मेसेज आला की आधी सगळ्यांना सॉफ्टवेअरमधून बाहेर काढा. पूर्ण फोल्डरची कॉपी काढा, नावात तारीख टाका. रीइंडेक्स त्यानंतर. बटण दाबल्यावर बिघाडाचा पुरावा पुसला जातो, पण ही कॉपी राहते. मग बिल नंबर सलग आहेत का, एखादा दोनदा आलाय का, ते बघा. दोनदा आला असेल तर तुम्ही छापील बिल हातात घेऊन ठरवल्याशिवाय कुणालाही काही डिलीट करू देऊ नका.

टेक्निशियनबद्दल माझं मत थोडं कडू आहे. तो लबाड आहे असं मी म्हणत नाही. पण दर फोनचे तीनशे देऊन तुम्ही त्याला बटण दाबायचेच पैसे देताय, कारण शोधायचे कुणी दिलेतच नाहीत. एकदा दोन हजार ठरवा आणि विचारा, “हे पुन्हा पुन्हा का होतंय, ते शोधून सांगाल का?” नाही म्हणाला तर दुसरा बघा.

त्या दुकानदारांना हरवलेलं बिल कॉन्ट्रॅक्टरकडच्या छापील प्रतीवरून पुन्हा भरावं लागलं. ते पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये दाखवलं, मग त्याच्या २बी मध्ये आलं. पेमेंट आलं त्यानंतर, जवळजवळ दोन महिन्यांनी.