प्रतबंदीत राहून गेलेली नोंद

दौंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांची नवी जमाबंदी सुरू झाली, तेव्हा मातीची खोली, पोत आणि रंग पाहून शेतांची प्रतबंदी करण्यात आली व तिच्यावरून साऱ्याचा आकार ठरला. खोल जमिनीची प्रत वरची, हे त्या पद्धतीचे मूळ सूत्र खोटे नव्हते. परंतु आज शिरूर-दौंडच्या बागाईत रानांत ते अपुरे पडते, कारण दप्तरात नोंदलेली खोली आणि पिकाच्या मुळांना प्रत्यक्ष लाभणारी खोली यांत अंतर पडले आहे.

खडकवासल्याच्या कालव्याने दौंडला, चासकमान व घोडच्या कालव्यांनी शिरूरला पाणी दिले. पाण्यामागून ऊस आला, आणि उसामागून वाफशाची वाट न पाहता ओल्या रानात शिरणारे ट्रॅक्टर व भरलेल्या ट्रॉल्या आल्या. त्यांच्या भाराने फाळाच्या तळाखाली माती दबून कठीण थर बसतो, पाणी वरच तुंबते, मुळे आडवी पसरतात. आणि खोडवा खुरटलेला पाहून कास्तकार खताचे आणखी एक पोते टाकतो.

माती किती दबली हे तिच्या घनतेवरून कळते. चिकण काळ्या मातीची घनता, म्हणजे ठरावीक आकारमानातील कोरड्या मातीचे वजन, दर घन सेंटीमीटरला सुमारे १.४ ग्रॅमच्या पुढे गेली की मुळे अडू लागतात. नळकांड्याने नमुना काढून १०५ अंशांवर वाळवून तोलण्याची रीत खात्रीची, पण संथ आहे; उलट, टोकदार दांडा जमिनीत दाबून खोलीगणिक होणारा विरोध नोंदणारा सेन्सरयुक्त पेनिट्रोमीटर एका दिवसात शेतातील अनेक जागा तपासू शकतो. मात्र हा विरोध म्हणजेच घनता नव्हे. काळी माती ओलीने फुगते, वाळली की कठीण होते. म्हणून ओलाव्याचे मोजमाप सोबत घेऊन आणि नळकांड्याच्या नमुन्याशी ताडून पाहिल्यावाचून यंत्राच्या आकड्यावर विसंबू नये.

२०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आदी १२ बाबी आहेत. घनतेला तेथे जागा नाही. कृषी खात्याने ही तेरावी बाब तपशिलासह नोंदवावी, आणि ज्यांच्या गव्हाणीकडे हे ट्रॅक्टर व ट्रॉल्या ऊस नेतात त्या कारखान्यांनी गटवार उपकरणे ठेवून हंगामापूर्वी व हंगामानंतर मोजणी करून द्यावी. पहिली प्रतबंदी सरकारने साऱ्यासाठी केली. ही पिकासाठी व्हावी. तोवर कास्तकार बंधूंना एकच विनंती : वाफसा आल्याखेरीज रानात चाक घालू नका.