तेलविहिरीचा जावई, कागदगिरणीचा दिवाळसण

वाचकहो, दिवाळी अंक घरात आला की तो आधी कुणी वाचायचा यावरून भांडणे होतात. पण मुखपृष्ठाचा कागद आतल्या पानांहून इतका गुळगुळीत कसा, असे विचारणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. तेव्हा न विचारता मीच सांगतो. आणि सांगता सांगता तुम्हांला कागदाच्या गिरणीतून एकदम तेलाच्या विहिरीवर घेऊन जातो. घाबरू नका, फराळाच्या वेळेपर्यंत परत आणून सोडीन.

साधा कागद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर विसकटलेल्या पेंढ्यासारखा दिसतो. त्यावर चित्र सुरेख उमटावे म्हणून त्याला लेप देतात. चिनी माती, खडूसारखी कॅल्शियम कार्बोनेटची पूड, चिकटवायला स्टार्च किंवा लॅटेक्स, आणि पाणी. हे मिश्रण पांढरेशुभ्र असले तरी गिरणीत त्याला ‘कलर’ म्हणतात, आणि जिथे ते ढवळले जाते त्या जागेला चक्क ‘किचन’! मिनिटाला हजार मीटर वेगाने धावणाऱ्या कागदावर हा कलर लावतात आणि पोलादी पात्याने जास्तीचा खरवडून परत टाकीत घेतात.

यातली अडचण घराला चुना काढणाऱ्या कोणालाही कळेल. कोरड्या भिंतीवर चुन्याचा हात मारला की भिंत पाणी पिऊन टाकते आणि कुंचला अडखळतो, म्हणून रंगारी आधी भिंतीवर पाणी मारतो. कागदही तसाच तहानलेला. त्याने कलरमधले पाणी भराभर शोषले तर पात्याखालचा थर घट्ट होतो, टाकीत परतणारा कलरही दाट होत जातो, गुठळ्या पात्यात अडकतात आणि कागदावर मैलभर लांब ओरखडा उठतो. कलरने आपले पाणी किती धरून ठेवावे, यावर सगळा खेळ असतो.

आता तेलविहिरीकडे चला. विहीर खणताना पोकळ नळीतून खाली एक चिखल सोडतात. तेलवाले त्याला सरळ ‘मड’ म्हणतात. हा मड खालचा दगडाचा चुरा वर आणतो, खणणारे हत्यार थंड ठेवतो आणि विहिरीची भिंत सावरून धरतो. पण सच्छिद्र खडक मडातले पाणी पितो, आणि पाणी गेले की भिंतीवर गाळाचा जाड थर बसून नळी अडकते. म्हणजे दुखणे तेच, फक्त कागदाच्या जागी खडक!

या दुखण्याच्या परीक्षा तेलवाल्यांनी फार लवकर शोधल्या. १९३१ साली हॅलन मार्श याने एका साध्या नरसाळ्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात दीड लिटर मड भरायचा आणि ९४६ मिलिलिटर बाहेर यायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहायचे. शुद्ध पाण्याला २६ सेकंद लागतात. पुढे फिरत्या डब्यांचे व्हिस्कोमीटर आले. १९५४ साली सॅव्हिन्स आणि रोपर यांनी मांडलेल्या यंत्रात ६०० फेऱ्यांच्या आकड्यातून ३०० फेऱ्यांचा आकडा वजा केला की उत्तर हातात! कागदा-पेन्सिलीची कटकट नाही. आणि पाणी किती सुटते हे पाहायला फिल्टर प्रेस: एका लहान डब्यात मड भरायचा, तळाला गाळण-कागदाची चकती, वरून चौरस इंचाला १०० पौंड दाब, आणि ३० मिनिटांत किती पाणी गळते ते मोजायचे.

घाई असेल तर तेलवाले साडेसात मिनिटांचा आकडा घेऊन त्याची दुप्पट करतात. हे कसे, असे गृहिणींनी मुळीच विचारू नये, कारण त्यांना ते ठाऊक आहे! श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगले की आधी धार लागते, मग थेंब थेंब, मग तासाला एखादा थेंब. कापडाला लागून बसलेला चक्क्याचा थरच पुढच्या पाण्याची वाट अडवतो. म्हणून वेळ चौपट झाली तरी पाणी दुप्पटच गळते.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. तो एका कागदगिरणीत रसायनतज्ज्ञ आहे. २०१४ सालच्या पावसाळ्यात त्यांच्या रात्रपाळीच्या कागदावर ओरखडे येऊ लागले. किचनमधल्या व्हिस्कोमीटरवर कलरचा दाटपणा अगदी मापात होता. तेव्हा वरिष्ठांनी सरळ हिशेब केला: आकडा बरोबर आहे, म्हणजे माणूस चूक आहे. रात्रपाळीला कलर ढवळणारे एक वयस्कर कामगार होते, सगळे त्यांना काका म्हणत. निवृत्तीला चार-पाच महिने राहिलेले. त्यांना लेखी मेमो मिळाला. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द त्यात दोनदा होता. असा कागद नोकरीच्या फायलीत पडला की शेवटच्या देण्याघेण्याच्या वेळी तोच आधी वर येतो, हे नोकरदार वाचकांना मी सांगायला नको.

भाचा मला म्हणाला, “मामा, काकांचा हात चुकेल असं मला वाटत नाही. पण मला वाटून काय उपयोग? मोजून दाखवायला हवं.” दाटपणा आणि पाणी धरण्याची ताकद हे दोन निराळे गुण आहेत, हे त्याला ठाऊक होते. फिनलंडच्या ओबो अकादमीतल्या संशोधकांनी १९८९ साली नेमक्या याच परीक्षेचे छोटे उपकरण मांडले आहे: कलरवर हवेचा दाब द्यायचा, पाणी पातळ पडद्यातून खालच्या टिपकागदात उतरू द्यायचे आणि टिपकागदाचे वजन करायचे. पण ते गिरणीत नव्हते, आणि मागवायचे तर खरेदी खात्याची परवानगी यायला दिवाळी उजाडली असती.

सुदैवाने त्याचा एक वर्गमित्र मुंबई हायच्या विहिरींवर मडची देखरेख करतो. १९७४ साली सापडलेले हे समुद्रातले तेलक्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. मित्राने आपली स्वतःची जुनी फिल्टर प्रेस पिशवीत घालून आणून दिली. नव्या जावयासारखी ती गिरणीत आली, आणि दिवाळसणाचे जावई करतात तशा तिने तक्रारीही सुरू केल्या.

पहिली तक्रार वायूची. विहिरीवर दाबासाठी कार्बन डायऑक्साइडच्या कुप्या वापरतात. तो वायू पाण्यात विरघळला की पाणी आंबटाकडे झुकते, आणि कलर तर मुद्दाम अल्कधर्मी ठेवलेला. म्हणून भाच्याने गिरणीतली दाबलेली हवा जोडली. दुसरी तक्रार दाबाची आणि वेळेची. कलर मडापेक्षा फार घट्ट असल्यामुळे अर्ध्या तासात डब्यात नुसती वीट उरली. त्याने दाब वीस पौंडांवर आणला आणि वेळ दोन मिनिटांवर. पाणी थोडेच येई, म्हणून नळीत मोजण्याऐवजी तराजूवर तोलले. आणि प्रत्येक वेळी डबा ताबडतोब धुतला, कारण लॅटेक्स सुकले की खरवडून काढताना जीव जातो.

दोन दिवस एकाच कलरच्या परीक्षा पुनःपुन्हा घेऊन आकडे जुळतात याची त्याने खात्री केली आणि मगच रात्रपाळीचा नमुना घातला. दिवसपाळीच्या मानाने रात्रीच्या कलरमधून जवळजवळ दुप्पट पाणी सुटत होते, आणि दाटपणा दोघांचा सारखाच!

मग शोध लागला. किचनमध्ये दोन टाक्या होत्या. एकीत काटकसरीसाठी दाटपणा देणारा नवा पदार्थ प्रयोगादाखल घालणे चालू होते, आणि ती टाकी रात्रपाळीच्या वाट्याला आली होती. पूर्वीच्या सीएमसीने कलर दाटही होई आणि पाणीही धरले जाई. नवा पदार्थ दाटपणा देई, पाणी मात्र सोडून देई. मौज म्हणजे हेच सीएमसी विहिरीवरचे लोकही मडात पाणी धरण्यासाठीच घालतात.

तरीही एक शंका उरत होती. भाच्याने पाळ्यांची अदलाबदल केली. काकांना रात्री जुन्या पदार्थाचा कलर करायला दिला, कागद स्वच्छ निघाला. नव्या पदार्थाचा कलर दिवसपाळीच्या माणसाने केला, ओरखडे दिवसाढवळ्या हजर! आठवड्याच्या आत मेमो मागे घेतला गेला. काका वर्षअखेरीस निवृत्त झाले, फाईल स्वच्छ ठेवून.

या गोष्टीवरून कुणी असे समजू नये की विहिरीवरची सगळी उपकरणे कागदाला चालतात. पात्याखाली कलरचे थर एकमेकांवरून ज्या वेगाने घसरतात तो वेग सेकंदाला दहा लाखांच्या घरात मोजतात. तेलवाल्यांचा व्हिस्कोमीटर ६०० फेऱ्यांना जेमतेम हजारापर्यंत पोहोचतो. मार्शचे नरसाळे किचनमध्ये झटपट अंदाजाला ठीक, पात्याखाली काय होईल ते त्याला विचारू नये. शिवाय उपकरण उसने आणता येते, त्याचा आकडा उसना आणता येत नाही. मडाला चांगला असलेला आकडा कलरला चांगला ठरत नाही. चांगले किती आणि वाईट किती, याची नवी मोजपट्टी प्रत्येक कारखान्याला आपल्या मालावर बसवावी लागते. भाच्याला त्यासाठी पुढे सहा महिने लागले.

मला विचाराल तर या सगळ्यात तो मेमो लिहिणारा अधिकारीही दुष्ट नव्हता. त्याच्यापाशी एकच आकडा होता आणि त्याने त्याच्यावर सगळा भार टाकला. आपणही घरात तेच करतो. मुलाचे गणिताचे गुण पाहून मुलगा मोजतो, पगार पाहून जावई मोजतो. एक गुण मापात निघाला म्हणून दुसऱ्याची चौकशी करायची राहून जाते, आणि जिथे काही बिघडते तिथे जवळ उभा असलेला माणूस सापडतो.

प्रेस अजून भाच्याकडेच आहे. मित्राने परत मागितली नाही, उलट गाळण-कागदाच्या चकत्यांची एक पेटी आणखी पाठवून दिली. म्हणजे पाहा, विहिरीच्या चिखलाची परीक्षा घेणारा कागद कुठल्या तरी कागदगिरणीतूनच गेला होता, तो आता माहेरी आला आहे!

असो. फराळाची वेळ झाली. यंदाचा चक्का टांगाल तेव्हा घड्याळ लावून बघा, पाव तासाचे पाणी आणि तासाचे पाणी. हिशेब जुळला तर मला जरूर कळवा, आणि नाही जुळला तर आधी फडके तपासा, सुनेला बोल लावू नका. दिवाळीच्या शुभेच्छा!