भाजीवाल्याला शिक्का, कंपनीला मोकळीक

नायगावच्या स्टेशनाबाहेर भाजी घेऊन बसणाऱ्याचा तराजू सरकारला असाच चालत नाही. 2009 च्या वैधमापनशास्त्र कायद्याने त्यावर निरीक्षकाचा शिक्का हवा. वजनांची पडताळणी दर दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची तर दर वर्षी. (आमच्या कोळणी म्हावरे वाट्यावर विकतात, तो हिशेब नजरेचा आणि जिभेचा, त्याला शिक्का कोण मारणार!) यात गैर काहीच नाही. पाव किलो मिरच्यांतही गिऱ्हाईक नाडले जाऊ नये, हे रास्तच. माझा सवाल एवढाच, की भाजीवाल्याच्या अख्ख्या हातगाडीहून महाग असलेल्या मोबाइल फोनला ही कसोटी का नाही?

‘फोनचा आणि मोजमापाचा काय संबंध?’ असे कुणी विचारील. संबंध आहे. फोनच्या पोटात सिलिकॉनचा एक सूक्ष्म ठोकळा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. पृथ्वी त्याला ओढते, तो केसाच्या जाडीहूनही कमी सरकतो, आणि त्यावरून फोन आपण सरळ आहोत की कललेले, हे ताडतो. म्हणजे गवंड्याचा ओळंबाच हा, फक्त डोळ्यांना न दिसणारा. चित्र आडवे होते, पावले मोजली जातात, पाणसळीचे ॲप चालते, ते याच्याच जिवावर.

मिठागरांच्या बाजूला जे मनोरे उठले आहेत, त्यांतल्या एकात आमचे बिऱ्हाड आहे. गेल्या महिन्यात तिथे गवंडी ओट्याचा दगड बसवीत होता. माझ्या नव्याकोऱ्या फोनने ओटा तीन अंशांनी कललेला ठरविला. तीन अंश म्हणजे दहा फुटांत सहा इंचांहून अधिक! गवंड्याने वाद घातला नाही. त्याने आपली पाणसळ ठेवून बुडबुडा पाहिला, मग तीच जागच्या जागी उलट फिरवून पुन्हा पाहिला, आणि म्हणाला, “साहेब, आता तुमचं यंत्र फिरवा.” ओटा कललेला असता, तर फोन उलट फिरविल्यावर कल दुसऱ्या बाजूला दिसायला हवा होता. माझ्या फोनने तो त्याच बाजूला आणि तेवढाच दाखविला. दोष ओट्यात नव्हता.

वाचकहो, फराळाच्या टेबलावर हा प्रयोग तुम्हीही करून पाहा. फक्त फोन पाठीवर ठेवू नका. कॅमेऱ्याचा उंचवटा घोटाळा करतो. कव्हर काढून, बटणे नसलेल्या लांब कडेवर तो उभा धरा.

कंपनीचे नाव मी घेत नाही. तिच्या दुरुस्ती केंद्रातल्या मुलाने फोन चाचणीला लावला आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘पास’ उमटले. सेन्सर जिवंत आहे की नाही, एवढेच ती चाचणी पाहत होती. तो खरे बोलतो की नाही, हे नव्हे. “किती अंशांपर्यंत चूक चालते?” मी विचारले. “तसं काही लिहिलेलं नाही, सर. पुढचं अपडेट येईल, तेव्हा बघा.”

हे अपडेटचे गाजर नवे नाही. 2013 च्या सप्टेंबरात ॲपलचा आयफोन 5एस बाजारात आला, आणि त्याची पाणसळ काही अंशांनी चुकते, हे गिऱ्हाइकांनीच जगाला दाखवून दिले. ऑक्टोबरात आयओएस 7.0.3 आले आणि त्यात ही दुरुस्ती झाली. कंपनीने चूक सुधारली, याचे श्रेय तिला द्यावे. पण जी चूक गिऱ्हाइकाला घरच्या टेबलावर सापडते, ती कारखान्याला का सापडू नये? घटक बनविणारा एक, फोन जुळविणारा दुसरा. पाटीवर डाख देताना घटकावर ताण येतो, उष्णता लागते, आणि त्याचे शून्य जागचे हलते. म्हणून जुळणी झाल्यावर प्रत्येक फोन सपाट पृष्ठावर ठेवून ते पुन्हा ठरवावे लागते. ही काही दुर्मिळ विद्या नव्हे. पण फोनमागे काही सेकंद जातात, आणि लाखो फोनांच्या कारखान्यात सेकंदालाही भाव असतो. मग तो वेळ गिऱ्हाइकाच्या माथी!

कायदा म्हणेल, ‘फोन हे देवघेवीचे माप नव्हे.’ कबूल. भारतीय मानक ब्यूरोकडे फोनची नोंदणी सक्तीची आहे. पण ती मुख्यतः त्याच्या सुरक्षिततेसाठी. फोनच्या किरणांची शरीरात शोषली जाणारी शक्ती किलोमागे 1.6 वॅटच्या वर जाता कामा नये, हाही नियम आहे. म्हणजे मर्यादा आखता येते, तपासता येते, छापताही येते. मग खोक्यावर कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलांची आरती ओवाळणाऱ्यांनी आणखी एकच ओळ छापावी: कलाची चूक अमुक अंशांच्या आत, तपासणीची तारीख अमुक. आणि चूक त्याहून अधिक निघाली, तर फोन बिनबोभाट बदलून द्यावा.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. मी माझी तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदविली आहे आणि तीत तीन अंशांचा आकडाही दिला आहे. तुमच्या टेबलावर जो आकडा निघेल, तो तुम्हीही तिथे नोंदवा.