इंजिनकक्षातील पाणी

२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या महापुरात वांगणीनजीक अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधील प्रवाशांना नौकांनी सुखरूप बाहेर काढले, हे उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मधील आम्हा रहिवाशांना विसरणे अशक्य आहे. पुरात जीव नौकांच्या भरवशावर असतात; म्हणूनच, ज्या यांत्रिक नौकांचे इंजिन तळाशी बंदिस्त असते, त्यांच्या कक्षात पाणी साचताच ते केवळ पंपाने उपसून स्वस्थ बसण्याचा शिरस्ता मला घातक वाटतो. कक्ष कोरडा करून तळावर खडूची भुकटी पसरावी, म्हणजे ओघळाचा माग दिसतो. नौका उभी असतानाच पाणी आले तर बहुधा प्रोपेलरच्या शाफ्टचे पॅकिंग अथवा बुडाचे बूच, आणि इंजिन चालू केल्यावरच आले तर शीतकरणाची नळी किंवा एक्झॉस्टचा सांधा तपासावा. ही तपासणी पावसाळ्यापूर्वी, दफ्तरी नोंदीसह, सक्तीची व्हावी.