शंभराचे एकशे नव्वद

१२ जुलै २०२५ ला विम्बल्डनची महिला एकेरीची फायनल ५७ मिनिटांत आटोपली. इगा श्वियाँतेकने अमांडा अनिसिमोव्हाला ६-०, ६-० असं हरवलं. आमच्याकडे रात्रीची जेवणं उरकून मंडळी टीव्हीसमोर बसेपर्यंत बक्षीस समारंभाची तयारी सुरू झाली होती. विम्बल्डनच्या महिला फायनलमध्ये हरणारीला एकही गेम न मिळण्याची ही १९११ नंतरची पहिलीच वेळ. अनिसिमोव्हा रडली, तिच्याबरोबर आमच्या घरातलेही एकदोघे रडले.

पुढे आठ आठवडेही गेले नव्हते. ३ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत याच दोघी पुन्हा समोरासमोर आल्या आणि अनिसिमोव्हा ६-४, ६-३ अशी सरळ जिंकली. जुलैतल्या त्या रात्री हे कुणी सांगितलं असतं तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं. बुकीने काढलं नसतं. त्याने शांतपणे भाव सांगितला असता आणि पैसे गल्ल्यात टाकले असते.

माझा मामा गिरगावात राहायचा आणि रेसचा दर्दी होता. हिवाळ्यात महालक्ष्मी, पावसाळ्यात पुणे. रेसचं पुस्तक पेन्सिलने रंगवून ठेवायचा, विन आणि प्लेसचे हिशेब मांडायचा, आणि बहुतेक वेळा खिसा रिकामा करून परत यायचा. हरल्यावर तो मला म्हणायचा, "कुठला घोडा जिंकेल हे बुकीला ठाऊक नसतं गं. लोक कुठल्या घोड्यावर पैसे लावणार, एवढं मात्र त्याला पक्कं ठाऊक असतं." टेनिसच्या सट्ट्याबद्दल पुढे बरंच वाचलं, पण या दोन वाक्यांत मोठी भर पडली नाही.

हिशेब साधा आहे. समजा दोन अगदी तुल्यबळ खेळाडूंचा सामना आहे. न्यायाने दोघींचाही भाव २ हवा, म्हणजे शंभर लावले आणि जिंकले तर दोनशे परत. बुकी तो १.९० ठेवतो. एकाने एकीवर शंभर लावले, दुसऱ्याने दुसरीवर शंभर. गल्ल्यात आले दोनशे, जिंकणाऱ्याला गेले एकशे नव्वद. उरलेले दहा बुकीचे, कोर्टवर काहीही घडो. एकीकडेच जास्त पैसे येऊ लागले की तो तिचा भाव उतरवतो आणि दुसरीचा चढवतो, म्हणजे पारडं पुन्हा सारखं होतं. आपण ज्याला तज्ज्ञाचं भाकीत समजतो ते बऱ्याच अंशी बाजारातलं गर्दीचं माप असतं. ब्रिटनमध्ये १९६१ च्या मे महिन्यापासून हा धंदा कायदेशीर दुकानं थाटून चालतो. विम्बल्डनच्या दिवसांत तिथल्या वर्तमानपत्रांत सामन्यांच्या वेळापत्रकाशेजारी भाव छापलेले असतात, आपल्याकडे सोन्याचांदीचे छापतात तसे.

मग महिलांच्या मोठ्या स्पर्धांत गर्दीचं हे माप इतकं का चुकतं? २०१७ ते २०२५ या काळात विम्बल्डन आठ वेळा झालं (२०२० साली कोविडमुळे रद्द) आणि आठही वेळा वेगवेगळी विजेती मिळाली: मुगुरुझा, कर्बर, हालेप, बार्टी, रायबाकिना, वोंद्रोसोव्हा, क्रेचिकोव्हा, श्वियाँतेक. त्याच आठ स्पर्धांत पुरुषांमध्ये विजेते चारच. यावरून महिला टेनिस 'बेभरवशाचं' असल्याचा शेरा मारायची आपल्याकडच्या समालोचकांना फार हौस. सेरेना विल्यम्स सलग जिंकत होती तेव्हा हीच मंडळी 'एकतर्फी झालंय, मजा नाही' म्हणत होती. फेडरर-नदाल-जोकोविच जिंकत राहिले तर सुवर्णकाळ!

खरं कारण मला गणितात दिसतं. ग्रँड स्लॅममध्ये पुरुष पाच सेटचा सामना खेळतात, महिला तीन सेटचा. प्रत्येक सेट जिंकायची ७० टक्के शक्यता असलेली एक जबरदस्त खेळाडू घ्या. तीन सेटचा सामना ती ७८ टक्के वेळा जिंकेल, पाच सेटचा ८४ टक्के वेळा. फरक किरकोळ वाटतो. पण स्पर्धा जिंकायला सात सामने ओळीने जिंकावे लागतात. सगळ्या फेऱ्यांत हाच जोर धरला तर तीन सेटच्या हिशेबाने तिला विजेतेपदाची शक्यता १८ टक्के, पाच सेटच्या हिशेबाने २९ टक्के. म्हणजे प्रत्येक सामन्यात इतकी वरचढ असलेली खेळाडूही सहापैकी पाच वेळा रिकाम्या हाताने घरी जाणार. त्यात विम्बल्डनचं गवत, फ्रेंच ओपनच्या तांबड्या मातीनंतर सवय करून घ्यायला जेमतेम तीन आठवडे. २०२५ ला दुसरी, तिसरी आणि पाचवी मानांकित पहिल्याच फेरीत गारद झाल्या, चौथी दुसऱ्या फेरीत.

मार्केटा वोंद्रोसोव्हाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. २०२२ च्या विम्बल्डनला ती मनगटाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला प्लॅस्टर घालून आली होती, मैत्रिणीला टाळ्या वाजवायला आणि लंडन बघायला. पुढच्या वर्षी बिगरमानांकित म्हणून खेळली आणि जिंकली. ओपन युगात विम्बल्डन जिंकणारी पहिली बिगरमानांकित महिला. नवरा मांजर सांभाळायला घरी थांबला होता. फायनल आली तेव्हा मांजराची दुसरी सोय लावून तो लंडनला पोचला. नवऱ्यालाच खात्री नव्हती, तिथे बुकीला कुठून असणार?

२०२१ च्या अमेरिकन ओपनमध्ये अठरा वर्षांच्या एमा रॅडुकानूने तर पात्रता फेरी संपेल त्या बेताने परतीचं विमान ठरवून ठेवलं होतं. क्रमवारीत ती १५० वी. पात्रतेचे तीन आणि मुख्य स्पर्धेचे सात असे दहा सामने ती एकही सेट न गमावता जिंकली. २०१५ साली न्यूयॉर्कमध्येच सेरेना विल्यम्स एका वर्षात चारही ग्रँड स्लॅम जिंकण्यापासून दोन सामने दूर होती. असा पराक्रम त्याआधी स्टेफी ग्राफने १९८८ मध्ये केला होता. उपांत्य फेरीत समोर बत्तीस वर्षांची इटालियन रॉबर्टा व्हिन्ची, बुकींच्या लेखी तिला जवळजवळ संधीच नव्हती. पहिला सेट सेरेनाने ६-२ असा घेतला, पुढचे दोन व्हिन्चीने ६-४, ६-४. सेरेनावर 'सुरक्षित' म्हणून पैसे लावणाऱ्यांचं त्या दुपारी काय झालं असेल ते सांगायला नको.

आपल्या दारातलंही उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या (सीसीआय) कोर्टवर झालेली स्पर्धा बेलारुसच्या एका मुलीने जिंकली होती. चर्चगेट स्टेशनवरून चालत जाऊन बघता आली असती. तिचं नाव आर्यना सबालेंका. पुढे तिने ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन ओपन प्रत्येकी दोनदा जिंकली आणि जगात पहिली आली. मुंबईकर त्या आठवड्यात नेहमीची लोकल पकडत होते. मीही त्यातलीच.

इथवर गंमत आहे. हातात स्मार्टफोन आला आणि गंमत बिघडली. पूर्वी सामना कोण जिंकणार यावर पैसे लागायचे. आता पुढचा पॉइंट कुणाचा, या गेममध्ये डबल फॉल्ट होणार का, इथवर मजल गेली आहे. पंच खुर्चीत बसून आपल्या उपकरणावर पॉइंट नोंदवतो आणि तो आकडा विकत घेतलेला असल्यामुळे जगभरच्या सट्टा कंपन्यांकडे लगेच पोचतो. त्या दोनतीन सेकंदांच्या फरकावर जगणारी माणसंही निघाली, प्रेक्षकांत बसून खिशातलं बटण दाबून पंचाच्या आधी खबर देणारी. २०१४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये अशा एका ब्रिटिश तरुणाला पकडलं होतं, पुढे आरोप मागे घेतला गेला. सगळ्यात केविलवाणा प्रकार तळच्या स्पर्धांचा. एकूण बक्षीस १५,००० डॉलर, लवकर हरणारीचा प्रवासखर्चही निघत नाही, प्रेक्षकांत आईवडील आणि प्रशिक्षक, आणि तिच्या दुसऱ्या सर्व्हिसवर भलत्याच देशात कुणाचे तरी पैसे लागलेले. तिला कुणी सेट सोडायला फूस लावणार नाही असं मानणं भाबडेपणाचं आहे. टेनिसमधल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीने २०१८ मध्ये या तळच्या स्पर्धांचे थेट आकडे विकणं बंद करा, असं स्पष्ट सुचवलं होतं.

मामा महालक्ष्मीच्या कठड्याला टेकून घोड्यांना आणि जॉकींना अस्सल गिरगावकर शिव्या घालायचा. घोड्याकडे फोन नव्हता. टेनिसपटूंकडे आहे. महिला टेनिस संघटना आणि आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने जून २०२५ मध्ये जाहीर केलेल्या अहवालानुसार २०२४ या एका वर्षात ४५८ खेळाडूंना उद्देशून सुमारे ८,००० शिवीगाळीच्या, धमक्यांच्या पोस्ट सापडल्या, त्याही ४,२०० खात्यांवरून. त्यातल्या ४० टक्के पैसे हरलेल्या सट्टेबाजांच्या होत्या. ब्रिटनच्या केटी बोल्टरने तिला आलेले संदेश बीबीसीला दाखवले. तुला कॅन्सर होवो, तुझ्या आजीच्या कबरीची नासधूस करू, असले. फ्रान्सच्या कॅरोलिन गार्सियाने २०२४ मध्ये अमेरिकन ओपनच्या पहिल्याच फेरीत हरल्यावर आपल्याला काय काय लिहून आलं ते जाहीर केलं आणि सोबत नेमका प्रश्न विचारला: याच सट्टा कंपन्यांशी स्पर्धांचे आणि खेळाचे करार का होतात? त्याचं समाधानकारक उत्तर मी अजून वाचलेलं नाही. एका हाताने सट्टा कंपनीचा धनादेश घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने शिव्यांची मोजदाद करून अहवाल काढायचा, हा मला तरी शुद्ध ढोंगीपणा वाटतो.

आपल्याकडे हा धंदा कायम आडवाटेने चालला. घोड्यांच्या शर्यतीला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कौशल्याचा खेळ मानलं, म्हणून महालक्ष्मी चालू राहिलं. बाकी सगळं मटक्यासारखं, कागदाच्या चिठ्ठीवर आणि नंतर ॲपवर. ॲपवाले तर 'क्रीडा बातम्यांचं संकेतस्थळ' असा बुरखा घालून सामन्यांच्या प्रक्षेपणात जाहिराती करत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

तेव्हा पुढच्या विम्बल्डनच्या फायनलआधी 'पक्की टिप' म्हणून टेलिग्रामवर एखादी लिंक आली तर ती उघडू नका. घरातल्या कॉलेजकुमारांनाही सांगून ठेवा. पैसे आधीच गेले असतील तर लाजून गप्प बसू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, आणि तो जितका लवकर कराल तितका बरा.