शिवडीचे सर

आचरेकर सर आपल्याला माहीत असतात. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तो व्हॉलीबॉलचे कोच ए. रमणा राव यांनाही मिळाला. ऐकलंय हे नाव? मीही नव्हतं, परवा गुगल करेपर्यंत.

आमच्या कॉलेजचे व्हॉलीबॉलचे सर शिवडीहून हार्बर लोकलने यायचे. नोकरी नाहीच, नुसतं मानधन. सुट्टीत प्रॅक्टिस बंद, की पैसेही बंद! फाटलेलं नेट स्वतः सुतळीने शिवायचे. पहिला पास कितीही वाईट आला तरी सेटरने न चिडता पुढचा चेंडू उचलायचा, हे त्यांनी शिकवलं. आम्ही रेझ्युमेत 'टीम प्लेअर' लिहून मोकळे झालो, पगारही घेतोय.

सरांना कायम का करत नाही? तर म्हणे बजेट नाही. ग्राउंडवर पेव्हर ब्लॉक बसवायला मात्र होतं.