अनिच्छेने झालेला हेर

कुमारांसाठी ख्रिस्ती श्रद्धेवर अधिष्ठित रहस्यकादंबरी लिहावी आणि तिचा नायक मनाविरुद्ध हेरगिरीत ओढला गेलेला मुलगा असावा, ही कल्पना मांडताच पहिला आक्षेप येतो तो असा की, हेराचे कामच असत्यावर चालत असल्याने सत्यभाषणाची आज्ञा शिरोधार्य मानणाऱ्या धर्माच्या कथेत त्याला स्थान नाही. परंतु यहोशवाने यरीहोस धाडलेल्या दोन हेरांना धाब्यावर जवसाच्या काड्यांखाली दडवून राजाच्या माणसांची दिशाभूल करणाऱ्या राहाबेचा गौरव इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आणि याकोबाच्या पत्रातही झालेला आहे, याचा विसर आक्षेपकांना पडतो.

याहूनही निर्णायक दाखला ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. पौलाचा वध केल्यावाचून अन्नपाणी घ्यावयाचे नाही अशी शपथ चाळिसांहून अधिक माणसांनी यरुशलेमात वाहिली, मुख्य याजकांना त्या मसलतीत घेतले, आणि ही बातमी पौलाच्या बहिणीच्या मुलाच्या कानी आली. तो रोमी गढीत शिरला, तेथे कैदेत असलेल्या मामाला भेटला, मग सरदारासमोर उभा राहिला. सरदाराने त्याचा हात धरून त्याला एकीकडे नेले, सर्व ऐकून घेतले, कोणापाशी न बोलण्याची ताकीद दिली आणि त्याच रात्री दोनशे शिपाई, सत्तर स्वार व दोनशे भालेकरी यांच्या बंदोबस्तात पौलाची रवानगी कैसरियास केली. बाराव्या अध्यायात पेत्राच्या बेड्या गळवण्यास देवदूत आला होता. येथे मात्र आला तो एक भाचा. शपथ वाहणारे त्याचेच जातभाई, बातमी घेणारा परका अंमलदार! त्या मुलाच्या जिवाची काय उलघाल झाली असेल याविषयी ग्रंथकार मौन पाळतो, त्याचे नावही देत नाही. आणि कादंबरीकाराचे क्षेत्र नेमके तेथूनच सुरू होते.

श्रद्धेची कादंबरी म्हणजे निव्वळ प्रवचन, हा दुसरा आक्षेप अंशतः मला मान्य आहे. बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये उपदेश कथेवर वारंवार कुरघोडी करतो, हे खरे; तथापि विधवांच्या यातनांना मराठी गद्यकथेत प्रथम विस्ताराने वाचा फोडली ती याच श्रद्धाप्रेरित पुस्तकाने. हा प्रकार परका आहे असे म्हणणाऱ्यांस तर मी पिंपरीच्या संत तुकाराम नगरात बसून एवढेच सांगेन की, या वसाहतीला ज्यांचे नाव आहे त्या तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणी आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत. रहस्यकथा हलकी असते, या तक्रारीचा निकाल भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने केव्हाच लावला आहे.

माझा आग्रह एवढाच की, अशा कादंबरीत लेखकाने चमत्कार घडवून नायकाच्या माथ्यावरचे ओझे परस्पर उतरवू नये. याच पिंपरीतला पंधरा वर्षांचा मुलगा घ्यावा. त्याच्या चुलत्याच्या कारखान्यात सदोष माल निर्दोष ठरवण्यासाठी खोटे दाखले तयार होताना त्याने पाहावे, आणि तपासणी अंमलदाराने त्याला आतली खबर आणण्यास सांगावे. ज्या घरी जेवतो त्या घराविरुद्ध बोलणे ही चहाडी की कर्तव्य, हा प्रश्न त्याने रविवारच्या उपासनेत चुलत्याच्याच शेजारी बसून सोसावा, प्रार्थना करावी, आणि उत्तर न मिळताही सोमवारी कारखान्याच्या दारापर्यंत आपल्या पायांनी जावे.